वर गेलेला हात

बाबांची सही करायची एक ठरलेली रीत होती. कागद सरळ करायचा, पेनाचं टोपण काढून मागे खोचायचं आणि सही करण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात निब दोनदा टेकवायची. टक्, टक्. मग एका दमात सही. शाईचं पेन होतं ते, जुनं झालेलं. शाई निबेपर्यंत यायला आढेवेढे घ्यायची, दोनदा टेकवलं की उतरायची. बाबांनी सही केलेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात दोन बारीक निळे ठिपके असायचे.

मी जन्मभर बॉलपेन वापरलं. बॉलपेनाला टेकवावं लागत नाही. पण मीही सहीआधी दोनदा टेकवते, आणि हे माझ्या गावीही नव्हतं. माझी मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा चित्राखाली आपलं नाव लिहायला बसली. तिनं पेन्सिल कागदावर दोनदा आपटली आणि मगच नाव लिहिलं. मी विचारलं, "हे टक् टक् कशाला गं?" तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "नाव लिहायच्या आधी करायचं असतं ना, आई?"

तिनं आजोबांना पाहिलेलं नाही. ते पेनही पाहिलेलं नाही. शाई केव्हाच वाळून गेली, ठिपके मात्र तिसऱ्या पिढीत पोचले.

'करायचं असतं' या दोन शब्दांनी मला तेव्हापासून धरून ठेवलंय. या वाक्यात कर्ता नाही. कुणी सांगितलं, कुणासाठी, न केल्यास काय होईल, यातलं काहीच त्यात नाही. 'असं बोलायचं नसतं', 'मोठ्यांसमोर असं बसायचं नसतं', 'अशा वेळी जायचं असतं'. आपल्या वागण्याचा केवढा मोठा भाग या बिनकर्त्याच्या वाक्यांवर उभा आहे! नियम सांगणारा माणूस वाक्यातून निघून गेलेला असतो आणि नियम पाऊस पडावा तसा आपोआप पडत राहतो.

पुढे कधीतरी व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी केलेला, २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचनात आला आणि मला मुलीची पेन्सिल आठवली. एक पेटी. तिच्या वरच्या बाजूला एक भोक आणि पुढच्या बाजूला एक. प्रयोग करणारी व्यक्ती आधी वरच्या भोकात काठी घालून ठोकायची, मग पुढचं दार उघडून काठीनं आतलं बक्षीस काढायची. पेटी अपारदर्शक असली की पाहणाऱ्याला वाटणार, वरच्या ठोकण्याचा काहीतरी उपयोग असेल. मग तशीच पेटी पारदर्शक घेतली. आता स्वच्छ दिसत होतं की वरची काठी आतल्या आडव्या पडदीवर आपटते, बक्षिसाशी तिचा काडीचाही संबंध नाही. युगांडातल्या नगाम्बा बेटावरच्या अभयारण्यातले चिंपांझी हे पाहून ठोकण्याचं सोडून देत आणि सरळ बक्षीस काढून घेत. तीन-चार वर्षांची माणसांची मुलं मात्र पारदर्शक पेटीवरही आधी ठोकत, मगच दार उघडत. डोळ्यांना दिसत होतं की ते व्यर्थ आहे. तरी करत होती.

पहिल्यांदा वाचताना हसू येतं, माकडाला कळलं ते पोराला कळलं नाही म्हणून. पण मला त्या मुलांबद्दल फार माया वाटते. समोरच्या मोठ्या माणसावर त्यांनी टाकलेला विश्वास त्यात आहे. 'हे करतात म्हणजे त्याला काही कारण असणार, मला आज दिसत नाही एवढंच.' या विश्वासावाचून माणसाचं मूल काहीही शिकू शकलं नसतं. शब्दाचा आणि वस्तूचा कुठे काय संबंध असतो? पाण्याला 'पाणी' म्हणायचं, कारण सगळे म्हणतात. मूल अडून बसलं असतं की आधी कारण सांगा, तर ते मुकंच राहिलं असतं. बोलताना समोरच्यापासून किती हात लांब उभं राहायचं, नजर किती वेळ नजरेत ठेवायची, कुणाच्या दुःखात किती वेळ गप्प बसायचं, हे कुणीही आपल्याला बसवून शिकवलेलं नाही. तरी त्यात वीतभर फरक पडला की आपण लगेच अवघडतो. आपलं 'मी' म्हणून जे काही असतं, ते बरंचसं असंच टक् टक् करून साठलेलं असतं.

म्हणून लोकांना 'मेंढरं' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्या शब्दानं ते हिणवतात, तो शब्दसुद्धा त्यांनी दुसऱ्याचं ऐकूनच उचललेला असतो.

आणि तरीही एक बैठक माझ्या मनातून जात नाही.

बारा वर्षं झाली. आम्ही नऊ जण होतो. एका अहवालात आकड्यांची मोठी चूक गेली होती आणि तिचं खापर आमच्यातल्या सर्वांत तरुण सहकारी मुलीवर फुटणार, हे बैठक सुरू होण्याआधीच हवेत होतं. तिच्याकडून ते काम काढून घ्यावं असा प्रस्ताव आला. आदल्या संध्याकाळी मी तिच्याशेजारी बसून तिचा तक्ता ओळीनं तपासला होता. तिचे आकडे बरोबर होते. चूक पुढच्या टप्प्यावर कुठेतरी शिरली होती. हे मला माहीत होतं. ऐकीव नव्हतं, मी स्वतः पाहिलं होतं.

"कुणाला काही म्हणायचंय?" असं विचारलं गेलं. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. "मग सगळ्यांची संमती धरायची ना? हात वर करा."

आधी दाराजवळच्या माणसाचा हात वर गेला. मग त्याच्या शेजारचा. मग समोरच्या दोघींचे, जवळजवळ एकदमच. माझ्या डाव्या हाताखाली तो तक्ता होता. त्यावर मीच पेन्सिलीनं केलेल्या खुणा होत्या, प्रत्येक ओळीपुढे एक. बरोबर, बरोबर, बरोबर. मी त्या खुणांकडे बघत होते आणि माझा उजवा हात वर होता. तो मी कधी उचलला ते मला आजही आठवत नाही. कोपर टेबलाला टेकलेलंच होतं, पंजा जेमतेम खांद्यापर्यंत. मोजणाऱ्यानं तो पूर्ण धरला. मग इतिवृत्ताचा कागद फिरत फिरत माझ्याकडे आला. मी पेन दोनदा टेकवलं आणि सही केली.

त्या क्षणाला मी भ्यायले होते असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. भीतीची निदान आठवण राहते. मला आठवतं ते वेगळंच. चौथा हात वर जाईपर्यंत माझ्या आत एक शंका उगवली होती, की कदाचित मीच काहीतरी पाहायची राहिले असेन. एवढ्या सगळ्यांना जे दिसतंय ते मला एकटीला दिसत नसेल. हातात पुरावा असताना!

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचं काम मी त्यानंतर वाचलं, नुसती उत्सुकता म्हणून नव्हे. ॲश यांचा जन्म १९०७ सालचा, वॉर्साचा. त्यांच्या लहानपणची एक आठवण सांगितली जाते. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री घरात एक जादा पेला भरून ठेवला होता. तो प्रेषित एलियासाठी आहे, तो येऊन त्यातला घोट घेतो, असं काकांनी सांगितलं. सात वर्षांचा पोरगा पेल्यावर डोळे लावून बसला, आणि त्याला खरोखरच वाटलं की पेयाची पातळी किंचित खाली गेली. पुढे अमेरिकेत त्याच मुलानं मोठं झाल्यावर एक साधा प्रयोग मांडला. दोन पुठ्ठे. एकावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तीनांतली कोणती पहिलीएवढी आहे ते मोठ्यानं सांगायचं. उत्तर इतकं उघड, की एकट्या माणसाची चूक शंभरात एकदासुद्धा होत नसे. पण खोलीत खरा सहभागी एकच असे. बाकीचे सगळे आधी ठरवून आणलेले, आणि ते अठरापैकी बारा वेळा बेधडक एकच चुकीचं उत्तर देत. खऱ्या सहभागीची पाळी बहुतेकांच्या नंतर येई.

त्या बारा वेळांतली सुमारे ३७ टक्के उत्तरं घोळक्याबरोबर वाहून गेली. साधारण तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी घसरले. नंतर विचारल्यावर कुणी म्हणालं, बाकीचे चुकताहेत हे कळत होतं, पण वेगळं दिसायचं नव्हतं. कुणाला वाटलं, आपल्याच डोळ्यांत काही दोष असावा आणि तो लपवलेला बरा. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

हा प्रयोग सांगणारे बहुधा इथेच थांबतात. पण जवळजवळ दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती, आणि सुमारे एक चतुर्थांश माणसं एकदाही हलली नाहीत, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे. मला त्या लोकांबद्दल जास्त जाणून घ्यावंसं वाटतं.

आणखी एक गोष्ट. ॲश यांनी घोळक्याचा आकार कमी-जास्त करून पाहिला. विरुद्ध बोलणारा एकच असला तर परिणाम जवळपास नाही. दोन असले की चुका सुमारे १४ टक्क्यांवर. तीन झाले की एकदम ३२ च्या आसपास. त्यापुढे माणसं वाढवत पंधरापर्यंत नेली तरी फारसा फरक नाही. आपण 'चारचौघांत' म्हणतो ना? चारचौघांत शोभेल असं वाग, चारचौघं काय म्हणतील, चारचौघांसारखं राहा. शेकडो म्हणत नाही, हजारो म्हणत नाही. समाज म्हणजे किती माणसं याचा अंदाज भाषेनं प्रयोगशाळेच्या किती आधी बांधून ठेवला होता! माझाही हात चौथ्यानंतरच वर गेला होता.

पण बैठकीतले खरे महत्त्वाचे क्षण हात वर जाण्याच्या आधीचे होते. 'कुणाला काही म्हणायचंय?' आणि 'हात वर करा' यांच्या मधले. बिब लताने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग त्या क्षणांबद्दल आहे. तरुणांना एका खोलीत बसवून प्रश्नावली भरायला दिली आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर सोडला. एकटा बसलेला माणूस उठायचा, झरोक्याजवळ जाऊन वास घ्यायचा, बाहेर सांगायला जायचा. एकट्यांपैकी ७५ टक्क्यांनी सांगितलं. पण सोबत दोन माणसं मुद्दाम निर्विकार बसवली, की दहातला एकच उठला. बाकीचे नऊ जण डोळे चोळत, खोकत, हातानं धूर बाजूला सारत फॉर्म भरत राहिले. नंतर विचारलं तर कुणाला ती वाफ वाटली होती, कुणाला वातानुकूलन यंत्रातला काही बिघाड. दुसऱ्याच्या स्वस्थ चेहऱ्यानं धुराचा अर्थच बदलून टाकला होता. भित्रे नव्हते ते. त्यांच्या दृष्टीनं खोलीत आग नव्हतीच.

आमच्या खोलीतही सगळे चेहरे स्वस्थ होते. माझाही असणार. मी इतरांचे चेहरे वाचून गप्प होते आणि माझा चेहरा वाचून कुणी गप्प असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

ते कळलं पुढच्या आठवड्याभरात. जिन्यात एकानं थांबवून सांगितलं, "मला खरं तर पटलं नव्हतं हं ते." दोन दिवसांनी समोरच्या दोघींपैकी एक म्हणाली, "घाईच झाली जरा." मग आणखी एक. मी मोजत गेले. माझ्यासकट पाच. तिला स्वतःला सोडलं तर आम्ही आठ जण होतो, आणि आठांतल्या पाचांना ते मान्य नव्हतं. एकमत म्हणून ज्याची नोंद झाली, त्याला बहुमतसुद्धा नव्हतं.

हेही नवीन नाही. डेबोरा प्रेन्टिस आणि डेल मिलर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या मद्यपानाबद्दल अभ्यास केला, तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. कॅम्पसवर जितकी दारू प्यायली जाते तिच्याबद्दल बहुतेकांच्या मनात अस्वस्थता होती. पण प्रत्येकाची समजूत अशी, की बाकीच्यांना मात्र यात काही गैर वाटत नाही. म्हणजे जो रिवाज सगळे मिळून पाळत होते, तो प्रत्यक्षात फारसा कुणाचाच नव्हता. किती रूढी अशा असतील? आत खांब नसलेल्या, केवळ प्रत्येकानं आपला खांदा दिलाय म्हणून उभ्या?

'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. पाच जण म्हणतील ते खरं, असा तिचा भरवसा. त्या बैठकीनंतर मला वाटायला लागलं की ती म्हण एक अट गृहीत धरते. पाच तोंडांनी आपापलं बोलायला हवं. पहिल्या तोंडाची चौघांनी री ओढली, तर तिथे तोंड एकच असतं. ॲश यांच्या प्रयोगातही, सहभागीला उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहू दिलं की वाहून जाण्याचं प्रमाण खूप खाली आलं. डोळे तेच, रेघा त्याच.

सगळीकडे हे सारखंच घडतं असं मात्र म्हणता येत नाही. रॉड बाँड आणि पीटर स्मिथ यांनी १९९६ साली अशा पद्धतीचे १७ देशांतले १३३ अभ्यास एकत्र करून पाहिले. जिथे माणूस स्वतःला आधी समूहाचा भाग मानतो, तिथे घोळक्याशी जुळवून घेण्याचं प्रमाण जास्त निघालं. अमेरिकेत १९५०च्या दशकापासून ते कमी कमी होत गेलेलंही दिसलं. यावरून काही लोक एका संस्कृतीला धीट आणि दुसरीला दुबळी ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. एके ठिकाणी जे नमतं घेणं दिसतं, तेच दुसरीकडे समोरच्याला चारचौघांत उघडं न पाडण्याचं सौजन्य असतं. पण त्यातून एक मोलाची गोष्ट हाती लागते. घोळक्यापुढे किती झुकायचं हे आपण जन्मतः घेऊन येत नाही, तेही शिकलेलं असतं. पेन दोनदा टेकवावं तसं. आणि काही दशकांत ते बदलूही शकतं.

मला सगळ्यांत जास्त त्रास देणारी नोंद अजून सांगितली नाही. ॲश यांनी घोळक्यात एक माणूस असा ठेवला, जो खरं उत्तर देतो. बस्स, एकच. त्यासरशी वाहून जाणं जवळपास चौथ्या हिश्शावर आलं. त्याहून आश्चर्य म्हणजे या एकट्यानं बरोबर उत्तर द्यावं, अशीही सक्ती नव्हती. त्यानं घोळक्याहून वेगळं पण चुकीचंच उत्तर दिलं, तरीसुद्धा सहभागी पुष्कळसा मोकळा झाला. ॲश यांचे एकेकाळचे सहायक स्टॅन्ली मिल्ग्रॅम यांनी येल विद्यापीठात १९६१ साली सुरू केलेले विजेच्या धक्क्यांचे प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहेत. शिकणाऱ्याची चूक झाली की बटण दाबून त्याला वाढता धक्का द्यायचा, असा हुकूम; धक्के खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत. चाळीसपैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले, हेही सगळे सांगतात. त्याच मालिकेत एकदा शेजारी बसवलेल्या दोघांनी मध्येच नकार देऊन उठायचं असं ठरवलं होतं. त्या वेळी शेवटपर्यंत गेले ते चाळीसांतले फक्त चार.

म्हणजे मला त्या दिवशी भाषण करावं लागलं नसतं. तक्ता सगळ्यांसमोर उलगडून खुणा दाखवाव्या लागल्या नसत्या. "मला जरा शंका आहे," एवढं पुटपुटले असते तरी पुष्कळ होतं. कदाचित हात नुसता खाली राहिला असता तरीही.

दोन वर्षांपूर्वी ती तरुण सहकारी मला भेटली. ती ते काम सोडून केव्हाच दुसरीकडे गेली होती, तिथे तिचं उत्तम चाललं होतं. आम्ही बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग मीच विषय काढला. म्हटलं, "तुझे आकडे बरोबर होते. मला माहीत होतं. मी हात वर करायला नको होता."

ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, मी बाकी कुणाकडे बघतच नव्हते. तुमच्याच हाताकडे बघत होते."

"चिडली असशील."

"नाही हो. तुम्ही आदल्या दिवशी माझ्यासोबत बसून तपासलं होतं. तुमचा हात वर गेला तेव्हा मला वाटलं, ताईंनाही चूक सापडली म्हणजे असणारच. त्या रात्री घरी जाऊन मी तो तक्ता पुन्हा पाहिला. तीनदा."

"मग?"

"बरोबर होता," ती म्हणाली. "पण मला तो चुकलेलाच दिसत होता."